कतारगामचा शेंदरी नर

लग्नकार्यात माझी ओळख करून देताना आमचे सासरे अजूनही आवाज चढवून सांगतात, "हे आमचे जावई. माकडांवर डॉक्टर झालेत." ऐकणारा हसतो, मीही हसतो, आणि वाढपी मला एक जिलबी जास्त वाढतो. त्या हसण्याच्या आड मी बरीच वर्षं सुखाने लपून राहिलो. खरं तर माझा विषय माकड नव्हे, वानर. माकडाचं तोंड तांबडं, वानराचं काळं; शेपूट अंगापेक्षा लांब, आणि प्राणिशास्त्रात दोघांची घराणी वेगळी. पण हे मी कधी मांडवात दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करण्यासारखं त्याहून बरंच काही साठलं होतं, आणि मी तेही केलं नव्हतं.

आता सांगून टाकतो. माझ्या प्रबंधात एक खोटं आहे. त्याने कोणाचं वाकडं झालं नाही, कारण तो प्रबंध कोणी वाचलेला नाही. दुसरं खोटं मी घरात ठेवलं. ते माझ्या बायकोने रोज वाचलं, पाठ केलं आणि त्यावर उपास केले. एका वाक्यात तिची सुटका झाली असती. ते वाक्य मी दहाएक वर्षं गिळून बसलो होतो.

साठीच्या दशकाचा उत्तरार्ध. सुरतेच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे बेडूक फाडणाऱ्या मुलांच्या पाठीशी उभं राहायचं आणि मूर्च्छा आलेल्याला बाहेर न्यायचं. लेक्चरर व्हायचं तर संशोधन हवं. आमचे विभागप्रमुख, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, पुण्याचे होते आणि वर्गीकरणाचे भक्त होते. देवाने सृष्टी निर्माण केली ती कपाटात नीट लावता यावी म्हणून, असा त्यांचा समज होता. कपाटात न मावणारा प्राणी दिसला की त्यांना तो त्या प्राण्याचा उद्धटपणा वाटे.

सरांनी मला शेपटाचा प्रश्न दिला. उत्तरेकडचं वानर चालताना शेपूट पाठीवरून डोक्याकडे वळवतं. दक्षिणेकडचं ते मागच्या मागे वाकवून खाली सोडतं. मग ह्या दोन जातींमधली रेघ कुठून जाते?

"तापीतून," सर म्हणाले.

"तसं आढळलंय का सर?"

"आढळायचं आहे. तुम्हाला. नदी आयती वाहतेय, तिचा उपयोग करून घ्या."

रेघ अशी आधीच ओढून झाल्यावर वानरं तिच्या कोणत्या बाजूला बसतात हे पाहणं एवढंच शास्त्राचं काम उरलं. नदीच्या उत्तरेला रांदेर, दक्षिणेला शहर. मला दक्षिणेचा कतारगामचा कळप मिळाला, कारण माझी सायकल तिथवर जाई. त्या काळी कतारगामात एकीकडे हिरे घासायच्या चकत्या, तिकडच्या भाषेत घंट्या, फिरायला लागल्या होत्या, आणि दुसरीकडे नदीकाठापर्यंत पापडीच्या, म्हणजे वालाच्या शेंगांच्या, वाड्या होत्या. एका वाडीच्या कोपऱ्यात चिंचेची जुनी झाडं होती, त्यांवर कळप होता. एक मोठा नर, बऱ्याच माद्या, पिल्लं. वाडीची मालकीण एक ठसठशीत गुजराती बाई होती, तिला सगळे मासी, म्हणजे मावशी, म्हणत. मासी वानरांना शिव्या द्यायची आणि दगड मारायची. पिंजरा लावून फार त्रास देणाऱ्या वानराला पकडून दूर सोडायचीही. वानरं हे सगळं सोसून पापडी खायची. नैसर्गिक सहजीवन म्हणतात ते हेच.

अडचण एकच होती. मला ती ओळखू येईनात. सगळ्यांची तोंडं काळी, आणि सगळ्यांची माझ्याकडे बघण्याची नजर आमच्या स्टाफरूमसारखी. सरांना सांगितलं तर म्हणाले, "मग रंगवा एखादं. परदेशात रंगवतात."

"परदेशात त्यासाठी खास बंदूक असते, सर."

"आपल्याकडे होळी असते," सर म्हणाले आणि पुन्हा कपाटात शिरले.

आम्ही राहायचो त्या चाळीत निम्मी बिऱ्हाडं खानदेशी गिरणकामगारांची होती. शेजारचा माणूस एका रंगाईच्या कारखान्यात होता. त्याला सगळे भाऊ म्हणत. त्याच्याकडे मी डबाभर न जाणारा रंग मागितला, निळा. त्याने केशरी आणला, कारण त्या आठवड्यात तोच लॉट चालू होता.

"हाऊ रंग जावाव नही, मास्तर," भाऊ म्हणाला. "लुगडं फाटी जाई, पन रंग ऱ्हाई. कोनले लावतस?"

"वानराला."

त्याने मला जरा वेळ न्याहाळलं. "आते वानरले बी हयद लावतस का? नवरी कोन शे?"

पितळी पिचकारी घेऊन मी वाडीत गेलो. मोठा नर भिंतीवर पापडी सोलत बसला होता. मी पाठीवर नेम धरला. दट्ट्याचा आवाज झाला, त्याने मान वळवली, आणि सगळा केशरी फवारा कपाळावर, गालांवर आणि खांद्यांवर बसला. तो पळाला नाही. डोळे मिचकावत बसून राहिला, आणि मग हातातली पापडी त्याने खाऊन संपवली.

त्या दिवशी शनिवार होता. मी वार पाहिला नव्हता. प्राणिशास्त्रात वाराला महत्त्व नसतं.

मासी टोपली घेऊन वळणावरून आली आणि थबकली. टोपली खाली ठेवली. "अरे, आपमेळे सिंदूर चढ्यो!" ती ओरडली. आपोआप शेंदूर चढला! मग तिने पदर डोक्यावर घेतला आणि कालपर्यंत ज्याला दगड मारला त्याला नमस्कार केला. माणसं जमली. नारळ फुटले. नर भिंतीवरून हे सगळं सभ्यपणे पाहत होता. मी पिशवी पाठीमागे धरून उभा होतो. पिशवीतून माझ्या चपलेवर केशरी थेंब गळत होते.

"लो साहेब, परसाद," म्हणून मासीने माझ्या हातावर खोबरं ठेवलं.

तेव्हा बोलायला हवं होतं. मासी, तो रंग मी मारला, एवढंच. मी खोबरं खाल्लं. चांगलं होतं.

सरांना मी खरं सांगितलं, कारण त्यांची भीती मला गर्दीपेक्षा जास्त वाटे. ते खूश झाले. "उत्तम! आता कोणी दगड मारणार नाही. वर्तनाचा अभ्यास नैसर्गिक परिस्थितीत होईल." पुढच्या शनिवारपासून नैसर्गिक परिस्थितीत चणे, केळी, गूळ आणि पेढे येऊ लागले. माझ्या वहीतलं पहिलं महत्त्वाचं निरीक्षण म्हणजे मोठा नर पेढा खाताना वेलची थुंकतो.

आता बायकोबद्दल. हिची दोन वेळा निराशा झाली होती, दोन्ही वेळा चौथ्या महिन्याच्या आत. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती आनंदाने बोलतच नसे, जणू आवाजाने काही सांडेल. ती शास्त्राच्या माणसाची बायको, म्हणून दवाखान्यातल्या गोळ्या घ्यायची. ती तिच्या आईचीही मुलगी होती, म्हणून शनिवारी चणे घेऊन कतारगामला जायची. दोन्हीकडे रांग असे. एकदा मी सायकल काढताना म्हणाली, "अहो, तुम्ही तर रोज त्यांच्याजवळ असता. माझं तेवढं सांगा त्यांना."

त्यांना! मी तिला काय सांगणार होतो? मी म्हणालो, "सांगतो."

चौथा महिना उलटला. तिच्या चेहऱ्यावर तजेला दिसू लागला. आणि मग नर केस टाकू लागला. भाऊचा रंग लुगड्याला जन्मभर चिकटला असता, पण लुगडं केस गाळत नाही. केशरी उतरत चाललं, राखाडी वर आलं. वाडीत कुजबूज सुरू झाली, कुणाचं तरी काहीतरी चुकलंय. हिला ठाऊकच होतं, कोणाचं चुकलंय.

"फिके पडत चाललेत ते," ताट समोर घेऊन ती म्हणाली. "मागच्या शनिवारी चणे जरा खवट होते. मला कळलं होतं, तरी मी नेले."

"ऋतूमुळे केस गळतात गं."

"तुम्हाला सगळं ऋतूमुळेच वाटतं." आणि ताट सरकवलं. दोन दिवस ती धड जेवली नाही. डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा भाऊच्या दारात होतो. डबा हातात देताना एवढंच म्हणाला, "देवले दुसरा हात देवाना शे का, मास्तर?"

पहिला रंग अपघात होता, असं मी अजूनही म्हणू शकतो. दुसऱ्याबद्दल तसं म्हणता येत नाही. शनिवारी ही घरी आली ती उजळून. "बघा, किती लख्ख झालेत!" म्हणाली आणि दोन भाकरी जेवली. मला वाटलं, पिचकारीने जर दोन भाकरी पोटात जात असतील तर शास्त्राने जरा बाजूला सरकून बसायला हरकत नाही.

मात्र वानरांना आमच्या संसाराची कल्पना नव्हती. कळपाबाहेर एकट्या नरांची टोळी असते, ती एखाद्या कळपावर चालून जाते, मालक नराला हाकलते, आणि त्यांतला एक त्याच्या जागी बसतो. हे माझ्या विषयातलं पहिलं प्रकरण. ते एका सकाळी कतारगामात माझ्या डोळ्यांसमोर घडलं. आरडाओरडा, तुटलेल्या फांद्या, पापडीचा चेंदामेंदा. दुपारी भिंतीवर एक कोरा करकरीत राखाडी नर बसला होता. आमचा शेंदरी नर वाडीच्या पार टोकाला, एक कान फाटून, कुंपणाशी बसला होता. मासी माहेरी गेली होती. पाहणारा मीच.

हिला सातवा महिना होता, आणि परवा शनिवार होता. मी काय केलं ते हुशार वाचकाच्या ध्यानात आलंच असेल. मी नव्याला रंगवलं. नेम आता चांगला बसला होता. मंत्री बदलतो, गाडीवरचा दिवा तोच राहतो, तसं झालं. भक्तांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. सरांच्याही नाही, आणि ते तर वर्गीकरणाचे भक्त.

फक्त जुन्याला हे पटत नव्हतं. तो रोज थोडा पुढे सरकायचा. त्याच्या कपाळावर अजून केशरी होतं. दोन शेंदरी नर एकदम दिसले असते तर मासीने एकालाच नमस्कार केला असता, आणि मग दुसऱ्याची चौकशी झाली असती. मासीचा जुना पिंजरा चमत्कारानंतर गवतात पडून होता. मी आणि भाऊने तो पहाटे कुंपणाशी लावला, आत पेढे ठेवले. पेढ्यांची सवय त्याला मीच लावली होती. बैलगाडी करून पुलावरून त्याला रांदेरच्या बाजूला नेलं आणि झाडीपाशी दार उघडलं. तो बराच वेळ उतरेना. मग उतरला, आणि न धावता चालत गेला. शेपूट मागच्या मागे वाकवून सोडलेलं. दक्षिणेचं शेपूट, उत्तर तीरावर.

"आते कोठे जाई हाऊ?" भाऊने विचारलं.

"तिकडे कळप आहेत."

एकट्या परक्या नराचं कळप काय करतात, हे मला ठाऊक होतं. त्यावरच मला पदवी मिळणार होती.

त्यापुढच्या शनिवारी ही चणे घेऊन गेली. बायका होत्या, मी माझ्या नेहमीच्या जागी होतो. नवा नर भिंतीवरून उतरला, एका मादीच्या अंगावर गेला आणि तिच्या छातीशी चिकटलेलं काळं पिल्लू त्याने दातांत धरलं. दोन-तीन माद्या त्याच्यावर तुटून पडल्या. पिल्लू खाली पापडीत पडलं आणि हललं नाही. नर पुन्हा भिंतीवर जाऊन बसला. केशरी तोंड, लख्ख. मग मासी हळूच म्हणाली, "एनी मरजी." त्याची मर्जी.

हिने चणे तिथेच ठेवले. घरी येऊन पोटावर हात ठेवून जमिनीवर बसली.

"ते असं का करतील?" तिने विचारलं. "तुम्ही शिकलात ना हे? मग सांगा."

मला येत होतं उत्तर. नवा आलेला नर जुन्याची पिल्लं मारतो, कारण ती त्याची नसतात. पण नवा हा शब्द उच्चारला असता तर पुढचा प्रश्न आला असता. मी म्हणालो, "प्राणी आहे शेवटी."

"त्यांना प्राणी म्हणू नका." मग म्हणाली, "दिलंय त्यांनी. तेव्हा नेऊही शकतात." आणि तिने जन्मभर अळणी शनिवार धरायचं कबूल केलं, आपलं मूल आपल्याकडे राहू द्यावं म्हणून. मी तिथेच उभा होतो. मी पाणी आणून दिलं.

मुलगी झाली. धडधाकट, कर्कश आवाजाची. लोकांनी पेढे मागितले. मी बर्फी वाटली.

प्रबंधात मी लिहिलं की सर्व काळ एकाच नराने कळपाचं नेतृत्व केलं आणि अशी स्थिरता अपवादात्मक आहे. पिल्लाच्या मृत्यूचं कारण आजार असावा. बाहेरच्या परीक्षकांना स्थिरता फार आवडली. नंतर सरांच्या एका विद्यार्थ्याने रांदेरच्या बाजूला मागे शेपूट सोडणारं एक वानर पाहिलं. एक कान फाटका, कळपात घेत नाहीत, एकटंच फिरतं, असं तो सांगत होता. सर हर्षभरित झाले. रेघ चुकली तर चुकली, मध्ये मिश्र पट्टा आहे, असा त्यांनी सभेत शोध जाहीर केला. तो मिश्र पट्टा म्हणजे मी, भाऊ आणि एक बैलगाडी. मी टाळ्या वाजवल्या. विद्यार्थ्याला विचारलं, अजून दिसतं का ते? म्हणाला, हल्ली नाही.

घरात शनिवार चालू होता. मुलगी शनिवारी शाळेव्यतिरिक्त कुठेही जायची नाही. गच्ची कधीच नाही. पापडी घरात येत नसे. सुरतेत हिवाळ्यात पापडी न खाणारं बिऱ्हाड म्हणून लोक आपल्या पाहुण्यांना आम्हाला दाखवायला आणत. चिंचेखाली आता फरशी होती, दगडाची मूर्ती होती, लाऊडस्पीकर होता. मी तिकडून सायकल नेत नसे.

परवाच्या हिवाळ्यात शाळेची सहल निघाली. डुमसला, समुद्रावर, शनिवारी. ही नाही म्हणाली. मुलगी आता तिच्या खांद्याला लागलेली. शुक्रवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात पाय आपटत उभी राहिली.

"डुमसला वानरं नाहीत, आई. खेकडे आहेत."

"शनिवार आहे."

"सगळ्या जणी जाणार. मग मी कोणाचं काय केलंय? जन्माला आले एवढंच ना?"

हिने तोंड फिरवून तवा घासायला घेतला. मुलगी माझ्याकडे बघत होती. मी सर्वसाधारणपणे अशा वेळी पेपर वाचतो. पेपर हातात होताच. तो मी खाली ठेवला आणि सांगितलं. पिचकारी, निळ्याऐवजी केशरी, दुसरा हात, नवा नर. मुलीच्या देखतच. हिला एकटीला सांगायचं धैर्य मला आलं नसतं.

तव्याचा आवाज थांबला होता.

"म्हणजे पिल्लू ज्यांनी मारलं ते दुसरेच?" हिने विचारलं.

"हो."

मला वाटलं होतं, ती ओरडेल, रडेल. निदान विचारेल, का नाही सांगितलंत. त्या प्रश्नाचं उत्तर मी वर्षानुवर्षं घोटून ठेवलं होतं. तिने तो विचारलाच नाही.

"मग पहिले कुठे गेले?"

"रांदेरला सोडलं."

"एकटेच?"

मी होकारार्थी मान हलवली. तिने हात धुतले, पदराला पुसले. "सहल किती वाजता आहे?" तिने मुलीला विचारलं. "स्वेटर घालून जा. पाण्यात गुडघ्याच्या वर शिरायचं नाही." मग माझ्याकडे न बघता, "सकाळी पापडी आणा. कोवळी बघून."

शनिवारी दुपारी तिने पापडी-वांगं केलं, तेल सोडून, ओवा घालून. एकच ताट वाढलं. समोर बसून मीठ घातलेली भाजी ती सावकाश जेवली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तुमचं तिकडे आहे." ओट्यावर वाटीत साबुदाणा होता. अळणी.

रविवारी म्हणाली, "ती जागा दाखवा." बसने गेलो. झाडी नव्हती. सोसायटीची भिंत होती, तीवर काचा. "कोणत्या अंगाला गेले?" मी हात केला. अंदाजाने. हिने रुमालातले चणे काढले आणि काचा नसलेल्या जागी ठेवले. नमस्कार केला नाही. एकेक चणा चावून बघूनच आणला होता, हे तिने मी न विचारताच सांगितलं.

परतीच्या बसमध्ये बरीच जागा होती. ती पुढे बायकांच्या बाकावर जाऊन बसली. मी मागे बसलो. शनिवार आता माझ्याकडे आहे.